मंगळवारचा वर्ग, बर्फ कारखान्यामागे

देवगडला मच्छीमार सोसायटीच्या बर्फ कारखान्यामागे
एक खोली आहे. भिंत बारमाही ओली,
खडू फळ्यावर उमटायच्या आधीच मऊ पडतो.
तिथे दर मंगळवारी, दुपारच्या सुमाराला,
पतसंस्थेच्या शाहीन मुकादमबाई येतात
आणि आम्हा पाच जणांना पैसा शिकवतात.

पाच म्हणजे कळंब्याहून सुटलेले दोघे,
सावंतवाडीचा एक, येरवड्याचा एक,
आणि भिकाजी कुबल, जो आत कधी गेलाच नाही,
त्याला फक्त एटीएमची भीती वाटते.

पहिल्या दिवशी मी डबा नेला होता.
पावडरचा, आईचा, माझ्या नावाने ठेवलेला.
आत पाचशेच्या नऊ जुन्या नोटा,
रबर वितळून त्यांनाच चिकटलेलं.
आई गेली तेव्हा मी आत होतो,
नोटा गेल्या तेव्हाही.
बाईंनी एक उजेडात धरली, परत घडी घातली.
"ह्येचा आता काय होवचा नाय.
पण डबो बरो आसा. पावत्यो ठेव तेच्यात."

खातं निष्क्रिय झालंय, काउंटरवरचा पोरगा म्हणाला.
शब्द ओळखीचा वाटला.
फॉर्मात रकाना: मागील पाच वर्षांचा पत्ता.
पेन टेकवून बसलो,
शाईचा डाग मसुराएवढा झाला.
आधारवरचा लिही, बाई म्हणाल्या, तो घरचाच आहे.
घरचा. बरं. लिहिला.

चक्रवाढ त्यांनी फळ्यावर मांडली
तेव्हा येरवड्याचा हसला, मीही.
माफीचे दिवस महिन्याला किती, वर्षाला किती,
एका भांडणात कापले किती,
अख्ख्या बराकीचा हिशेब मी तोंडी ठेवायचो.
माझी सुटका कधी, असं कुणी रात्री विचारायचं,
मी अंधारातच तारीख सांगायचो,
एका दिवसाची चूक नाही.
बाई खडू धरून थांबल्या.
"मगे हजाराचा व्याज तुका कित्याक कठीण जाता?"
म्हटलं, दिवस माझे होते.
हजार कधी नव्हते.

वहीत डावीकडे येणं, उजवीकडे देणं.
येणं: हातमागाची मजुरी, अठरा हजार चारशे,
सुटताना सही करून घेतलेली.
देणं: चंदाताईची साखळी, सव्वा तोळा, वकिलात गेली.
रुपये लिहू नको रे, भाव चढतो, सोनं लिही,
भिकाजी म्हणाला.
वर्गात तो एवढंच बोलला आजवर.

मग चुलतभाऊ रुपेश आला, बुटांसकट ओटीवर.
तुझं खातं फक्त वापरायला दे,
महिन्याला दोन हजार, तुला काही करायचं नाही.
मागच्या वेळीही मी काही केलं नव्हतं.
टेम्पो चालवला होता, रात्रीचा,
मागे काय भरलंय ते विचारलं नव्हतं.
या वेळी विचारलं.
पैसे कुणाचे?
रुपेश अर्धा चहा टाकून उठला.
तो कप मी दोन दिवस विसळला नाही,
का ते सांगता येत नाही.

काल बंदरावरच्या यंत्रासमोर उभा राहिलो.
त्याने चार आकडे मागितले, माझ्या पसंतीचे.
बोटं आपोआप त्या नंबराकडे वळली,
सदऱ्यावरच्या, अकरा वर्षं गिनतीला
ओरडून सांगितलेल्या,
जो शिपायाला पाठ, भटारखान्याला पाठ,
दवाखान्यातल्या मांजरालाही बहुतेक पाठ.
रद्द दाबलं.
मागे रांगेत भिकाजी, घामाघूम,
वाऱ्यावर सुक्या बांगड्याचा वास.
मग दुसरे चार दाबले.

कुठले, ते इथे लिहिणार नाही.
बाईंनी बजावलंय,
हे कुणालाच सांगायचे नसतात.